मापांची वही : संगणकीय मुद्रणाच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित प्रकरण

मुद्रणकलेचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा दोनच प्रकारच्या माणसांचें गुणवर्णन करितात : एक अक्षर कोरणारा, आणि दुसरा ग्रंथ छापणारा. आपल्याकडेही जावजी दादाजींचें नांव निघालें म्हणजे १८६४ सालीं त्यांनीं काढलेला खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ सालीं स्थापिलेला निर्णयसागर छापखाना यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कोरलेलें अक्षर आणि छापलेलें पान यांच्या दरम्यान आणखी एक काम असतें, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. अक्षराची रुंदी किती, उंची किती, शेजारच्या अक्षराला तें किती खेटून बसावें, अमुक दोन अक्षरें एकापुढें एक आलीं असतां त्यांच्या जागीं तिसरेंच जोडरूप योजावें कीं काय, या सर्व गोष्टी कोठें तरी ठरलेल्या असाव्या लागतात. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत त्यांची वेगळी नोंद ठेवण्याचें कारण पडत नसे, कारण ती नोंद खिळ्याच्या अंगांतच असे. खिळा जितका रुंद, तितकी अक्षराची जागा. जुळाऱ्यानें खिळा उचलून स्टिकमध्यें ठेवला कीं अक्षराचें रूप आणि अक्षराचें माप हीं दोन्ही एकदमच त्याच्या हातीं येत.

संगणकानें या दोहोंची ताटातूट केली. रूप एका ठिकाणीं राहिलें, माप दुसऱ्या ठिकाणीं गेलें, आणि दोहोंमध्यें मेळ घालणें हें एक स्वतंत्रच काम होऊन बसलें. तें काम करण्यासाठीं १९९३ सालीं इंग्लंडांत जें एक साधन निर्माण झालें, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. त्याचें नांव ‘फाँटइन्स्ट’, म्हणजे अक्षरसंच बसवून देणारें. नांव रूक्ष आहे आणि विषयही वरवर पाहतां यंत्रशाळेंतला वाटेल. परंतु ज्या भाषेचीं अक्षरें बाजारांत तयार मिळत नाहींत, त्या भाषेनें आपले ग्रंथ सुंदर कसे छापावे, हा प्रश्न या हकीकतीच्या पोटांत आहे. आणि तो प्रश्न मराठी वाचकांस परका नाहीं.

या कथेचा आरंभ अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत होतो. तेथील गणिती व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. आरंभींचे खंड शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेले होते व त्यांचें रूप क्नूथ यांच्या मनास येईल असें होतें. पुढें दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची वेळ आली, तोंपर्यंत प्रकाशकांचा छपाईचा मार्ग बदलला होता. शिशाची जागा छायाचित्रण-पद्धतीनें घेतली होती. १९७७ सालीं त्या आवृत्तीचीं प्रुफें हातीं आलीं, तेव्हां अक्षरांची बेढब ठेवण आणि त्यांमधील ओबडधोबड अंतर पाहून क्नूथ खिन्न झाले. इतक्या वर्षांच्या कष्टाचा ग्रंथ असल्या वेषांत बाहेर पडावा, हें त्यांस रुचेना. मग प्रकाशकाशीं पत्रापत्री करीत बसण्याऐवजीं त्यांनीं जुळारी आणि अक्षर कोरणारा अशीं दोन्ही कामें संगणकाकडून करवून घेण्याचा निश्चय केला. जुळारी जो झाला तो ‘टेक्’, आणि अक्षर कोरणारा तो ‘मेटाफाँट’. टेक् हें नांव कला व कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलें आहे. वर्षभराच्या रजेंत काम उरकेल अशी क्नूथ यांची अटकळ होती. प्रत्यक्षांत सुमारें दहा वर्षें गेलीं. झालेलें काम त्यांनीं विनामूल्य जगास देऊन टाकिलें. अट एकच, कीं कोणीं त्यांत फेरबदल केल्यास त्यानें आपल्या कृतीला टेक् हें नांव देऊं नये.

टेक्‌चें एक वैशिष्ट्य येथें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे. हा जुळारी आंधळा आहे. ‘क’ कसा दिसतो हें त्यास मुळींच ठाऊक नसतें. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक अक्षर म्हणजे एक रिकामी पेटी. पेटीची रुंदी, ओळीच्या वरची उंची, ओळीच्या खालची खोली, एवढेंच तो जाणतो. अशा पेट्या शेजारीं शेजारीं मांडून, त्यांमधील मोकळी जागा किंचित् ताणून वा आंखडून, तो ओळी व परिच्छेद रचतो, आणि सरतेशेवटीं ‘अमुक जागीं अमुक क्रमांकाचें अक्षर’ अशी यादी लिहून देतो. त्या जागीं खरें अक्षर उमटविणें हें दुसऱ्याच कार्यक्रमाचें काम. पेट्यांचीं मापें टेक् एका छोट्या नोंदवहींतून वाचतो. प्रत्येक अक्षरसंचाची अशी एक वही असते. इंग्रजींतील ‘एफ्’ व ‘आय्’ एकत्र आल्यास जोडखिळा वापरावा, ‘ए’पुढें ‘व्ही’ आल्यास दोहोंना थोडें जवळ ओढावें, असे नियमही त्याच वहींत असतात. वहीचे नियम मात्र मोठे कडक. एका वहींत २५६ हून अधिक अक्षरें मावत नाहींत, आणि त्या सर्वांस मिळून निरनिराळ्या उंच्या फार तर सोळा चालतात.

क्नूथ यांच्या स्वतःच्या अक्षरांपुरता कोणताच प्रश्न नव्हता. मेटाफाँट अक्षर काढी आणि त्याची वहीही त्याच वेळीं लिही. पण या घरच्या अक्षरांची जात एकच होती, आणि तीं मुख्यतः इंग्रजीच्या व गणिताच्या गरजा पाहून बेतलीं होतीं. प्रथम एका संचांत १२८ च अक्षरें असत. चेक, पोलिश, स्वीडिश, पोर्तुगीज अशा भाषांना रोमन अक्षरांच्या डोक्यावर किंवा पायाशीं नाना प्रकारचीं चिन्हें लागतात. तीं चिन्हें टेक् ऐन वेळीं अक्षरावर बसवून देई; पण असें केलें म्हणजे तो शब्द ओळीच्या शेवटीं तोडण्याची त्याची शक्ति नाहींशी होई. ज्या भाषेंत दर दुसऱ्या शब्दांत असें चिन्ह येतें, तिच्या ओळींची मग काय अवस्था होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. युरोपांतील मंडळींच्या आग्रहास मान देऊन क्नूथ यांनीं १९८९ सालीं २५६ अक्षरें हाताळणारी सुधारलेली आवृत्ति जाहीर केली. आणि १९९० च्या सप्टेंबरांत आयर्लंडमधील कॉर्क या गांवीं भरलेल्या परिषदेंत, या २५६ जागांपैकीं कोणत्या जागीं कोणतें अक्षर ठेवावें याची एक सर्वसंमत यादी ठरली. ती पुढें ‘कॉर्कची यादी’ म्हणून प्रसिद्धीस आली. घर बांधून झालें, खोल्यांना क्रमांकही पडले; आतां राहावयास अक्षरें मात्र हवीं होतीं.

अक्षरांचा दुष्काळ होता असें नव्हे. दुसऱ्या बाजूस बाजार भरलेला होता. अडोबी कंपनीनें १९८४ सालीं ‘पोस्टस्क्रिप्ट’ नांवाची पृष्ठवर्णनाची भाषा प्रसिद्ध केली होती, आणि टाइम्स, पॅलाटिनो यांसारखीं जुन्या नामांकित घराण्यांचीं अक्षरें त्या रूपांत विकत मिळूं लागलीं होतीं. या अक्षरांबरोबर त्यांच्या मापांचें पत्रकही येई. परंतु त्या पत्रकाची रीत निराळी आणि टेक्‌च्या वहीची रीत निराळी. पत्रकांत प्रत्येक अक्षर नांवानें ओळखलें जाई, टेक् तें क्रमांकानें ओळखी. मोडींत लिहिलेलें दप्तर केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या पुढें ठेवावें, तशांतला हा प्रकार होता. शिवाय, या विकाऊ संचांत पश्चिम युरोपाचीं अक्षरें असत, पण चेक लोकांना नित्य लागणारीं, डोक्यावर लहानशी खांच असलेलीं ‘सी’ आणि ‘आर’ हीं अक्षरें नसत. तें अक्षर वेगळें होतें व तें चिन्हही वेगळें होतें. दोहोंचा संयोग तेवढा कोणीं करून ठेविला नव्हता.

संयोग घडवून आणण्याची युक्ति टेक्‌च्या परिवारांत निघालेली होती. तिला ‘आभासी अक्षरसंच’ म्हणतात. १९९० सालीं क्नूथ यांनीं तिच्यावर लेख लिहिला. या संचांत स्वतःचें असें एकही अक्षर नसतें. असतात त्या केवळ आज्ञा. ‘अमुक क्रमांकाचें अक्षर मागितल्यास त्या संचांतून सी आण, दुसरीकडून चिन्ह आण, आणि तें इतकें वर, इतकें उजवीकडे सरकवून ठेव.’ अशा रीतीनें उसनवारीवर सगळा संसार चाले, आणि टेक्‌ला मात्र समोर एक सबंध अक्षर आहे असेंच वाटे. मग शब्द तोडण्याचीही अडचण उरत नसे. टॉमस रोकिकी यांनीं विकाऊ अक्षरांचीं पत्रकें टेक्‌च्या वहींत उतरविणारा एक लहान कार्यक्रमही केला होता. तो साध्या इंग्रजी मजकुराला पुरेसा होता. पण कॉर्कच्या यादींतल्या २५६ अक्षरांच्या आज्ञा हातानें लिहीत बसणें हें मनुष्याच्या सहनशक्तीपलीकडचें काम होतें.

ही उणीव ॲलन जेफ्री यांनीं भरून काढिली. ते त्या वेळीं ससेक्स विद्यापीठांत होते. १९९३ सालीं बर्मिंगहॅम येथील अ‍ॅस्टन विद्यापीठांत टेक् वापरणाऱ्यांची वार्षिक परिषद भरली, तींत त्यांनीं फाँटइन्स्टचें निवेदन केलें. त्यांच्या कृतींत विशेष कौतुकाची गोष्ट ही, कीं हें साधन त्यांनीं टेक्‌च्याच भाषेंत लिहिलें. हें ऐकून जाणता मनुष्य प्रथम हंसेल. टेक् हा जुळारी, हिशेबनीस नव्हे. त्याला पूर्णांकांपलीकडचें गणित नीट येत नाहीं, आपली स्वतःची वहीही त्याला सांकेतिक रूपांत लिहितां येत नाहीं. मग जुळाऱ्याच्या हातीं दौत-लेखणी देऊन त्याला कुळकर्णी करण्याचा खटाटोप कशासाठीं?

उत्तर साधें आहे, आणि त्यांतच या कृतीचें मोल आहे. त्या काळीं निरनिराळ्या विद्यापीठांत व घरोघरीं निरनिराळ्या जातीचे संगणक होते. एकावर चालणारा कार्यक्रम दुसऱ्यावर चालेलच अशी शाश्वति नसे. परंतु ज्याला टेक्‌साठीं अक्षरें बसवावयाचीं आहेत, त्याच्यापाशीं टेक् असणारच. तेव्हां सर्वांच्या घरीं खात्रीनें असलेली एकच वस्तु घेऊन तिच्याकडूनच तिचें काम करवून घेणें, हाच सर्वांना पोहोंचणारा मार्ग होता. वेग कमी, श्रम अधिक. पण दार कोणालाच बंद नाहीं.

काम चाले तें असें. मापांचें पत्रक साध्या मजकुराच्या रूपांत असे, म्हणून टेक् तें वाचूं शके. दुसरीकडे कॉर्कसारखी एखादी यादी, पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत अक्षरांचीं नांवें सांगणारी, त्यास दिली जाई. फाँटइन्स्ट यादींतील एकेक नांव उच्चारी आणि पत्रकांत तें शोधी. सांपडलें तर त्याचीं मापें उतरून घेई. न सांपडलें, तर तें घडविण्याची कृति आपल्या संग्रहांत आहे काय तें पाही. ‘सी’ची रुंदी घ्यावी, चिन्हाची रुंदी घ्यावी, दोहोंच्या वजाबाकीचें अर्ध करावें, आणि तितकें चिन्ह पुढें सरकवून मध्यावर बसवावें; अक्षर उंच असल्यास चिन्हही तितकेंच वर न्यावें. लहान आकाराचीं मोठीं अक्षरें संचांत नसल्यास, मोठ्या अक्षरांनाच लहान करून वेळ भागवावी. अशा रीतीनें तयार झालेल्या आज्ञा मजकुराच्या रूपांत लिहिल्या जात, आणि मग क्नूथ यांच्याच परंपरेंतले दुसरे लहान कार्यक्रम त्यांची सांकेतिक वही बनवीत. नेहमींच्या अक्षरघराण्यांसाठीं हा सर्व खटाटोप एका ओळीच्या आज्ञेनें होई. यादी आणि कृतींचे हे कागद अशा खुबीनें लिहिलेले असत, कीं तेच टेक्‌कडून छापून घेतले असतां त्यांचें स्पष्टीकरण देणारें टिपण तयार होई.

परंतु प्रत्येक अक्षर कांहीं जोडकाम करून घडवितां येत नाहीं. ज्याचा आकारच स्वतंत्र आहे, तें दुसऱ्यांच्या तुकड्यांतून कसें निघणार? अशा अक्षरांना फाँटइन्स्टमध्यें एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘ज्याची नक्कल होत नाहीं तें’. त्या जागीं फाँटइन्स्ट एक काळा चौकोन ठेवतो आणि ‘येथें अमुक अक्षर नाहीं’ अशी सूचना देतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जवळपासचें एखादें अक्षर गुपचुप ठेवून दिलें असतें तर पान डोळ्यांना बरें दिसलें असतें, आणि वाचणाऱ्यास चूक कळलीही नसती. काळा चौकोन डोळ्यांत खुपतो, म्हणूनच तो प्रामाणिक आहे. कांहीं उणें असेल तर तें झांकूं नये, दाखवावें, हा नियम हिशेबनिसास जितका लागू, तितकाच अक्षरें बसविणारासही लागू आहे.

या साधनाचा प्रसार झपाट्यानें झाला. १९९४ सालीं टेक्‌वर आधारलेल्या ‘लाटेक्’ या लोकप्रिय पद्धतीची नवी आवृत्ति निघाली. तिच्याबरोबर नित्य वापरांतलीं पोस्टस्क्रिप्ट अक्षरें देणारा जो संग्रह सेबॅस्टियन रात्झ यांनीं सिद्ध केला, त्याच्या वह्या फाँटइन्स्टनेंच लिहिलेल्या होत्या. त्यामुळें ज्यांनीं फाँटइन्स्टचें नांवही ऐकलें नव्हतें, अशा असंख्य विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि अध्यापकांचे ग्रंथ त्याच्या मापांवर जुळले गेले. वह्यांचीं नांवें कशीं ठेवावीं याची पद्धत कार्ल बेरी यांनीं घालून दिली होती. तत्कालीन कांहीं संगणकांत नांवाला आठांहून अधिक अक्षरें चालत नसत. म्हणून कारखाना, घराणें, जाड-बारीकपणा आणि यादी हें सर्व आठ अक्षरांत कोंबावें लागे. ‘पीटीएम्‌आर८टी’ हें मंत्रासारखें नांव म्हणजे अडोबीचें टाइम्स, साध्या जाडीचें, कॉर्कच्या यादीप्रमाणें, असा त्याचा उलगडा.

दोषही सांगितलेच पाहिजेत. फाँटइन्स्ट संथ होता, आणि नेहमींच्या वाटेबाहेर पाऊल टाकूं पाहणारास तो दुर्बोध वाटे. लहान केलेलीं मोठीं अक्षरें खऱ्याहून किडकिडीत दिसतात, आणि मध्यावर बसविलेलें चिन्ह गणितानें बरोबर असलें तरी कुशल कोरणाऱ्याच्या डोळ्याला तें तेथें नको असतें. गणितानें माप मिळतें. सौंदर्यदृष्टि मिळत नाहीं. तरीही, ज्या भाषेस तें अक्षर मुळींच मिळत नव्हतें, तिला या दोषाचें ओझें फारसें जाणवलें नसावें. जेफ्री यांच्यानंतर उल्रिक व्हीट, लार्स हेलस्ट्रम आदि मंडळींनीं स्वयंसेवी वृत्तीनें हें साधन सांभाळलें व वाढविलें. फिलिप लेमन यांनीं २००४ सालीं अक्षरसंच कसे बसवावे याचें एक सविस्तर मार्गदर्शक लिहून ही विद्या सामान्य उपयोग करणाराच्या आटोक्यांत आणिली.

याच वर्षीं या विद्येच्या उताराचाही आरंभ झाला. २००४ सालीं जोनाथन क्यू यांनीं ‘झीटेक्’ नांवाची टेक्‌ची नवी शाखा काढिली. तिला जगांतील सर्व लिप्यांचे सामाईक क्रमांक समजत, आणि संगणकावर असलेले ‘ओपनटाइप’ जातीचे अक्षरसंच ती सरळ वापरी. या संचांत अक्षराचें रूप, त्याचें माप आणि जोडरूपांचे नियम हीं तिन्ही एकाच ठिकाणीं नांदतात. म्हणजे शिशाच्या खिळ्यांत जें एकत्र होतें आणि मध्यंतरीं ज्याची ताटातूट झाली होती, तें पुन्हा एकत्र आलें. मधल्या दुभाष्याची गरज संपत गेली. जुन्या वह्या अजूनही टेक्‌च्या संग्रहांत आहेत व चालतात. पण नव्या वह्या लिहिण्याचे प्रसंग आतां विरळा.

आपल्या लिपीचा या कथेशीं संबंध कोठें येतो? देवनागरी टेक्‌मध्यें आली ती फाँटइन्स्टच्या वाटेनें नव्हे. १९९१ सालीं नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठांत फ्रान्स व्हेल्टहाउस यांनीं मेटाफाँटमध्यें देवनागरी अक्षरें रेखिलीं. आणि रोमन लिपींत टिपलेल्या मजकुरावरून जोडाक्षरें कशीं बांधावीं हें ठरविणारा एक स्वतंत्र कार्यक्रम पुढें जोडला. त्यांच्या कार्यक्रमाचें कामही अशाच दुभाष्याचें होतें. या अक्षरसंचाला पुढें जीं वेगवेगळीं वळणें मिळालीं, त्यांत एकाचें नांव ‘मुंबई’ आणि दुसऱ्याचें ‘कलकत्ता’ असें आहे. शिशाच्या काळांत या दोन शहरांच्या ओतशाळांनीं जे निरनिराळे पाठ रूढ केले, त्यांची आठवण अशी युरोपांत रेखलेल्या अक्षरांत शिल्लक राहिली, ही गोष्ट मराठी वाचकांस सुखावणारी आहे.

आतां तो दुभाष्या लागत नाहीं. पण म्हणून त्याचें काम नाहींसें झालें, असें समजणें चुकीचें होईल. तें अक्षरसंचाच्या पोटांत गेलें, इतकेंच. मराठींतील पाकळीचा ल आणि देठाचा श हे हिंदी वळणाहून निराळे आहेत. आजच्या कित्येक संचांत दोन्ही रूपें ठेवलेलीं असतात, आणि मजकूर मराठी आहे असें सांगितल्यावर योग्य तें रूप पुढें येतें. परंतु तसें सांगावें लागतें. आणि त्यापूर्वीं कोणीतरी तें रूप काढून, त्याचा नियम संचांत लिहून ठेवावा लागतो. ज्या संचांत तो नियम कोणीं लिहिला नाहीं, तेथें काळा चौकोन उमटत नाहीं. तेथें दुसरेंच रूप निमूटपणें येऊन बसतें, आणि हळूहळू आपल्या डोळ्यांस त्याचीच संवय होते. फाँटइन्स्टच्या काळीं उणीव निदान दिसत तरी होती.

जेफ्री व त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनीं या कामांत एकही नवें अक्षर कोरलें नाहीं, आणि ग्रंथ छापून नांवही मिळविलें नाहीं. त्यांनीं केवळ वह्या लिहिल्या. पण चेक भाषेच्या एखाद्या पुस्तकांत टाइम्स अक्षरांतली ओळ सरळ उभी आहे, शब्द योग्य जागीं तुटला आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला कोठेंही ठेंच लागत नाहीं, त्यामागें अशा एखाद्या वहीचें पाठबळ आहे. लिपीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं अक्षर कोरणाऱ्याचा गौरव करावाच. परंतु आपल्या अक्षरांचीं मापें आणि नियम कोण लिहीत आहे, तें आपल्यापैकीं कोणी आहे कीं नाहीं, याचीही अधूनमधून चौकशी करीत जावें.